आत्माराम बेडूक आणि चार बोटांचा कायदा

मुलांनो, नीट सावरून बसा. हातपाय आपापल्याजवळ ठेवा. एका जंगलात एक बेडूक राहत होता आणि त्याच्या खिशात चाकू होता.

दचकलात? झालं! म्हणजे पुढे गोष्टीत वाघ आला तर तुम्ही टाळ्या वाजवणार आणि बेडकाच्या खिशातल्या इवल्याशा पात्याला घाबरणार. आधी पूर्ण ऐका, मग काय दचकायचं ते दचका.

तर बेडकाचं नाव आत्माराम. त्या जंगलातल्या बेडकांत एक रीत होती. पोराची शेपूट गळून पडली की त्याच दिवशी आईने त्याच्या हातात एक सातकामी ठेवायचा. सातकामी म्हणजे मुठीत मावेल अशी घडीची वस्तू. तिच्यात पक्कड, स्क्रूड्रायव्हर, कानस, चिमटा, सुई, डबे उघडायची आकडी आणि सगळ्यांत शेवटी एक लहानसं पातं. आत्मारामच्या आईनेही त्याला तो दिला आणि म्हणाली, "शेपूट गेली रे बाळा. तुला नखं नाहीत, सुळे नाहीत, शिंगं नाहीत. हे असू दे जवळ."

त्या दिवसापासून आत्माराम सातकामीशिवाय घराबाहेर पडला नाही. आणि खरं सांगतो, त्या पात्याने त्याने कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. हत्तिणीच्या पायातला काटा काढ, मैनेच्या चष्म्याची दांडी बसव, दात पडलेल्या माकडीणआजींना कैरी चिरून दे, हीच त्याची कामं. लोक हाका मारायचे, "आत्माराम, आहे का रे जवळ?" तो खिशावर थाप मारून म्हणायचा, "आहे की!" हे 'आहे की' म्हणताना त्याची छाती अशी फुगायची की बायको म्हणायची, "पुरे, फुटाल एखाद्या दिवशी."

कायद्याचीही आत्मारामला पूर्ण माहिती होती. फार पूर्वी सिंहमहाराजांनी फर्मान काढलं होतं, 'रोजच्या कामासाठी चार बोटं लांबीपर्यंतचं पातं खिशात बाळगण्यास हरकत नाही.' आत्मारामने पातं आपल्या बोटांनी मोजलं, तर ते तीनच बोटं भरलं. तरी त्याने त्या फर्मानाची नक्कल करून घेतली, प्लॅस्टिकमध्ये घातली आणि दुसऱ्या खिशात ठेवली. असा सज्जन बेडूक तुम्ही पाहिला नसेल.

एके दिवशी त्याला वनकचेरीत जावं लागलं. आपण डबक्यात राहतो असा दाखला त्याला हवा होता. कचेरी नवी कोरी होती. दाराला रंग ताजा, फाटकाला फुलांच्या माळा, आणि फाटकावर केरबा रानडुक्कर पहाऱ्याला. हे सुळे! सुपारी फोडायला बरे पडतील एवढाले.

"थांब," केरबा म्हणाला. "खिशात काय आहे?"

"सातकामी आहे, केरबाभाऊ. आणि ही फर्मानाची नक्कल."

केरबाने नक्कल उलटी धरून वाचली. मग सुळ्याने गाल खाजवत म्हणाला, "धारदार वस्तू आत नेता येत नाही."

तेवढ्यात वाघसाहेब आले. केरबाने कडक सलाम ठोकला. ते नखं वाजवत आत गेले. मागोमाग साळिंदर गेलं, अंगावर मोजून दोनशे भाले घेऊन. त्यालाही सलाम.

"केरबाभाऊ," आत्माराम हळूच म्हणाला, "वाघसाहेबांची नखं...?"

"शू!" केरबा केवढ्यांदा ओरडला. "नखं ही ज्याची त्याची वैयक्तिक बाब आहे. तू कुणाच्या शरीरावर बोलतोस? लाज नाही वाटत?"

आत्मारामला खरंच लाज वाटली. त्याने वाघसाहेबांच्या पाठीकडे बघून माफीही मागितली. पण सातकामी द्यायला तो तयार होईना. "माझं पातं तीन बोटं आहे. कायद्यात चार बसतात. मोजा हवं तर!"

आता केरबाला खूर. तो बोटं आणणार कुठून? मग त्याने मोजणी अधिकारी ठमाबाई पाल यांना बोलावणं धाडलं. ठमाबाई भिंतीवरून तुरुतुरु उतरल्या. त्यांनी आपला चिमुकला पंजा पात्याला लावला. एक, दोन, तीन, चार... आणि बोटं संपली तरी पातं संपेना. शेवटी त्या म्हणाल्या, "अकरा."

"अकरा?" आत्माराम ओरडला. "अहो बाई, पण ती तुमची बोटं झाली!"

"मग काय शेजारणीची लावू?"

मुलांनो, इथे खरी मेख होती. फर्मानात चार बोटं म्हटलं होतं, पण कुणाची ते लिहिलंच नव्हतं. सिंहमहाराजांना वाटायचं, जगातली सगळी बोटं आपल्याएवढीच असतात. राजांना असं वाटतं.

सातकामी जप्त झाला. त्याला दोरी गुंडाळली, दोरीवर लाखेचं सील ठोकलं आणि त्याला 'मुद्देमाल' असं नाव दिलं. आत्मारामचा खिसा पहिल्यांदाच रिकामा झाला. त्याला एकदम थंडी वाजली. बेडकाला थंडी वाजली म्हणजे बघा! तो पाय आपटून म्हणाला, "मला सुनावणी हवी. माझी वस्तू परत घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

सुनावणी लागली. चौकशी समितीचे अध्यक्ष वाघसाहेब. सदस्य धामणबाई. मोजणीला ठमाबाई. आणि समोर आपला आत्माराम. टेबलावर मुद्देमाल.

वाघसाहेबांनी बसल्या बसल्या डोळे मिटले. अध्यक्ष विचार करतायत, असं धामणबाईंनी सांगितलं. विचार घोरत होता.

"प्रश्न बोटांचा आहे," धामणबाई म्हणाल्या. "कुणावर अन्याय नको. समितीच्या बोटांची सरासरी काढा."

ठमाबाईंनी पाटी घेतली. "अध्यक्षांना उठवणं बरं नाही, म्हणून ते सोडले. माझ्या पंजाची चार बोटं धरू. धामणबाई, तुमची?"

"मला नाहीत."

"म्हणजे शून्य. चार आणि शून्य, त्याची सरासरी दोन. तर कायद्याने दोन बोटं पातं चालेल. हे अकरा आहे. नऊ बोटं गुन्हा!"

आत्मारामने कपाळाला हात लावला. "अहो, ज्यांना बोटंच नाहीत त्यांना मोजणीत कशाला धरता?"

"बघितलंत?" धामणबाईंनी डोळे भरून आणले. "बोटं नाहीत म्हणून मला वगळायला निघालेत." मग त्यांनी आत्मारामकडे वरपासून खालपर्यंत प्रेमाने पाहिलं. "तसे तुम्ही फार गोड आहात हो."

आत्माराम खुर्ची घेऊन दोन हात मागे सरकला.

इतक्यात वाघसाहेब जागे झाले. "जेवणाची सुट्टी!" त्यांनी जाहीर केलं आणि दाराची मूठ ओढली. दार नवं, काम सरकारी. मूठ त्यांच्या पंजातच आली. तिचा स्क्रू टणकन जमिनीवर पडला आणि दार बंदचं बंद.

वाघसाहेबांनी नखाने स्क्रू परत बसवायला घेतला. त्या खाचेत नख जाईना. ठमाबाईंचा पंजा स्क्रूला चिकटायचा, पण पिरगळता येईना. धामणबाईंचं तर काय बोलायचं! खोलीला खिडक्या नव्हत्या, त्या पुढच्या टप्प्यात होणार होत्या. दाराखाली फटही नव्हती. सरपटत कुणी आत येऊ नये म्हणून ती बुजवून घ्या, असा धामणबाईंचाच हट्ट होता.

"साहेब," बाहेरून केरबा ओरडला, "धडक देऊ का?"

"खबरदार!" ठमाबाई किंचाळल्या. "दाराचं उद्घाटन अजून व्हायचंय!"

अर्धा तास गेला. वाघसाहेबांचा डबा बाहेर व्हरांड्यात होता. आत त्यांचं पोट गुरगुरलं. त्यांनी धामणबाईंकडे बघितलं. धामणबाईंनी घाईघाईने ठमाबाईंकडे बघितलं. ठमाबाई छतावर गेल्या. मग सगळ्यांनी मिळून आत्मारामकडे बघितलं.

आत्माराम टेबलाकडे बघत होता. त्याच्या मनात एकच गोष्ट होती. ती वस्तू माझ्या हातात द्या, सगळं ठीक करतो.

"साहेब," तो म्हणाला, "माझ्या सातकामीत स्क्रूड्रायव्हर आहे."

"मग काढ की!"

"सील आहे, साहेब. सील तोडायला समितीचा ठराव लागतो."

हे तो टोमण्याने म्हणाला नाही हं. मघाशीच म्हटलं ना, असा सज्जन बेडूक तुम्ही पाहिला नसेल.

आणि मग मुलांनो, त्या कचेरीत कधी झालं नव्हतं ते झालं. एका मिनिटात ठराव झाला! वाघसाहेबांनी सांगितला, ठमाबाईंनी छतावरूनच लिहिला. 'यापुढे बोटं म्हणजे अध्यक्षांची बोटं समजावीत.' वाघसाहेबांनी पंजा टेबलावर ठेवला. सातकामीचं पातं त्यांच्या एका बोटाच्या अर्ध्यातच संपलं.

"कायदेशीर! एकदम कायदेशीर!" धामणबाई ओरडल्या. वाघसाहेबांनी एका नखाने सील फाडलं. ती वैयक्तिक बाब होती, म्हणून कुणी काही बोललं नाही.

सातकामी हातात आला आणि आत्मारामला भरून आलं. अंगात ऊब आली. त्याने उडी मारून दाराची खाच गाठली, मूठ बसवली, स्क्रू लावला, चार गिरक्या दिल्या, टुणकन खाली आला आणि म्हणाला, "ओढा."

दार उघडलं! काय तो आनंद! वाघसाहेब डब्यावर तुटून पडले. केरबाने शेपूट हलवली. ठमाबाई छतावरून पडल्या, तरी हसत होत्या. साळिंदराने आनंदाच्या भरात आत्मारामला मिठी मारायचं ठरवलं होतं, ते सगळ्यांनी मिळून रोखलं. आत्माराम तर हवेतच होता. त्याने सातकामीची घडी घातली, एक एक अवजार आत, टक, टक, टक, आणि खिशाकडे हात नेला.

"जरा थांबा," ठमाबाई म्हणाल्या. "नोंद करायची राहिली."

त्या मोठ्याने वाचत लिहू लागल्या, "सदर वस्तूने कचेरीचं बंद दार आतून उघडलं."

धामणबाईंची मान हळूहळू वर झाली. "आतून उघडलं म्हणजे बाहेरूनही उघडेल."

वाघसाहेबांनी घास तसाच ठेवला. "अरे बाप रे," ते म्हणाले. "म्हणजे हे घरफोडीचं हत्यार!"

"अहो, पण आत्ताच कायदेशीर ठरलं ना?" आत्मारामचा आवाज चिरकला.

"पातं कायदेशीरच आहे. आम्ही काय अन्याय करतो? पात्याबद्दल तुझी निर्दोष सुटका. स्क्रूड्रायव्हरबद्दल जप्ती."

"दोन्ही एकाच वस्तूत आहेत, साहेब!"

"मग पातं अडकलं म्हणून वाईट वाटतं, असंही लिहून घ्या, ठमाबाई."

आत्मारामने दोन्ही हात जोडले. "साहेब, तुमचं जे आहे ते तुमच्या अंगावरच उगवलंय. मला देवाने काहीच दिलं नाही. हे एवढंच आहे, तेही आईने दिलेलं. कुणाला लागलं नाही याने कधी. लोकांचे काटे काढले हो याने. द्या ना परत."

वाघसाहेब हळवे झाले. त्यांना आई हा शब्द सहन होत नसे. त्यांनी पंजाने डोळा पुसला, सातकामी उचलला, उघडून पाहिला आणि त्यातली कानस आपल्या नखावरून अलगद फिरवली. नख चमकलं.

"आईची आठवण आहे होय?" ते गहिवरून म्हणाले. "मग मी जपून वापरीन."

आत्माराम फाटकाशी आला. केरबाने रीतीप्रमाणे त्याचा खिसा चाचपला. रिकामा. केरबाने आयुष्यात पहिल्यांदा बेडकाला सलाम ठोकला. "या, कधीही या. आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही."

आत्माराम डबक्याच्या वाटेला लागला. दाखला राहिलाच.

"अहो, एकटे कुठे निघालात?" मागून धामणबाई सरपटत आल्या. "दिवस किती वाईट आहेत. मी येते ना सोबतीला. माझीही वाट तिकडूनच जाते."

आत्मारामचा हात खिशात गेला आणि तसाच बाहेर आला. मग त्याने जी काही उडी मारली! आणि तिच्यावर दुसरी. आणि तिसरी. पोचला हो, पोचला घरी, असे रडवेले होऊ नका. उडी मारायला परवाना लागत नाही. अजून तरी.

तात्पर्य: मुलांनो, नखं कापू नका. दात रोज घासून चांगले अणकुचीदार ठेवा. अंगावर उगवलेलं हत्यार बाळगणं ही वैयक्तिक बाब असते आणि खिशात ठेवलेलं बाळगायलाही कुणाची हरकत नसते. फक्त ते कधी कुणाच्या उपयोगी पडू देऊ नका, कारण मग ते पकडलं जातं.