सुरक्षित मूल, रिकामी लेन

पोहण्याच्या क्लबांना बालसुरक्षा अधिकारी नेमणं सक्तीचं झालं. ज्या बैठकीत ही नेमणूक व्हायची, तिला दातांच्या डॉक्टरीणबाई गैरहजर होत्या. त्यामुळे त्यांची निवड एकमताने झाली.

बाईंची मुलगी त्याच क्लबात पोहायची. शर्यतीच्या संघात मात्र तिची वर्णी लागत नव्हती. बाईंनी पद मनावर घेतलं. ऑनलाइन प्रशिक्षण पुरं केलं, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि ‘मुलांनो, बोला! आम्ही ऐकतोय’ असा भला मोठा फलक छापून आणला. मोकळी भिंत सापडेना, तेव्हा अध्यक्षांनी तो प्रशिक्षकांच्या केबिनच्या दारावर लावून टाकला. फलक लांबूनही दिसत होता, आणि अध्यक्षांच्या मते फलकाचं काम तेवढंच असतं.

पण एक मूल खरोखरच बोललं. प्रशिक्षणात हा भाग नव्हता.

संघातल्या सगळ्यात लहान पोरीला सगळे टिकली म्हणत. कपडे बदलायच्या खोलीत केस पुसता पुसता ती बाईंना हळूच म्हणाली, “काकू, मी मागे पडले की सर माझं डोकं पाण्याखाली दाबून धरतात. दम वाढतो म्हणतात.”

“किती वेळ गं?”

“मी हात मारायचं थांबेपर्यंत.”

बाईंनी तिचे ओले केस बाजूला केले. मानेवर बोटांचे वळ होते. बाई तडक अध्यक्षांच्या फर्निचरच्या दुकानात गेल्या.

“गंभीर आहे,” अध्यक्ष म्हणाले. “चौकशी समिती नेमू. पण समितीत पोहण्यातला जाणकार हवा. म्हणजे सरच.”

“अहो, तक्रार सरांविरुद्धच आहे!”

“मग त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला असणार?”

समितीने सरांची साक्ष सरांसमोरच घेतली. टिकलीला बोलावलं नाही. अशा प्रश्नांचा लहान मुलांना त्रास होतो. मग निष्कर्ष आला: सदर बालिकेवर पाण्याचा नैसर्गिक दाब वगळता कोणताही दबाव आढळला नाही. तथापि, तलावावर तिला असुरक्षित वाटते, याची समितीने गांभीर्याने दखल घेतली आहे. सबब, तिच्या सुरक्षिततेसाठी तिला तलावावर येण्यास मनाई करण्यात येत आहे.

टिकलीला वाढवणारी तिची मावशी तिला शेजारी बसवून पालकांच्या सभेत उभी राहिली. “माझ्या पोरीचं काय चुकलं, ते तरी सांगा.”

“सर जरा कडक आहेत,” एक वडील म्हणाले, “पण पदकं येतात ना!”

“आणि मुलांसमोर हा विषय नको हं,” एक आई कुजबुजली. “त्यांच्या मनावर परिणाम होतो.”

हे सगळ्यांना पटलं. मावशी बाईंकडे वळली. “डॉक्टर, तुम्ही वळ पाहिलेत ना? सांगा की यांना!”

बाई उभ्या राहिल्या.

“बाईंचं ऐकूच,” अध्यक्ष हसून म्हणाले. “त्याआधी एक आनंदाची बातमी. संघातल्या रिकाम्या जागी बाईंच्या मुलीची निवड झाली आहे.”

टाळ्या पडल्या. दाराशी उभ्या असलेल्या मुलीने आनंदाने उडीच मारली. दिवसभर लोकांना ‘मोठा आ करा’ म्हणणाऱ्या बाईंना स्वतःचं तोंड काही उघडता येईना. “मी... नंतर लेखी देते,” एवढं पुटपुटून त्या खाली बसल्या. मावशीने टिकलीचा हात धरला आणि ती निघून गेली. तिच्याकडे बघायचं सगळ्यांनीच टाळलं.

आता मुलगी पाण्यात असेतो बाई काठावरून हलत नाहीत. नजर सरांच्या हातांवर खिळलेली. सरही त्या लेनकडे फिरकत नाहीत. इतक्या काटेकोर बालसुरक्षेची सोय त्या तलावावर पूर्वी कधीच झाली नव्हती. आता झाली, एका मुलीपुरती.

एकही तक्रार शिल्लक नाही, म्हणून क्लबाला ‘सुरक्षित क्लब’ असा मान मिळाला. बातमी छापून आली आणि प्रवेशासाठी रांग लागली. रांगेत तुम्हीही होतात, मुलाचा हात घट्ट धरून. संघात जागा कशी काय रिकामी झाली, असं पुटपुटत कोणीतरी तुमच्या मागेच उभं होतं. खिडकीतल्या कारकुनाने तुम्हाला आवर्जून विचारलं, “काही शंका?”

तुम्ही गाडी कुठे लावायची ते विचारलंत.