इनायतभाई खलास म्हणाले

आमच्या अल मनखूलच्या इमारतीतले इनायत परकार कुठलंही वाक्य 'खलास'वर संपवतात. लिफ्ट चालू झाली, खलास. आज कोलंबीचं कालवण, खलास. इथल्या, आखातातल्या अरबी बोलीत खलास म्हणजे झालं, ठरलं, मान्य. आपल्या मराठीत मात्र माणूसच खलास होतो. एवढ्या फरकापायी त्यांची मुलगी त्यांच्याशी तीन वर्षं बोलली नव्हती.

शबनम वाढली दापोलीजवळ, आजीकडे. नोकरीला मस्कतला गेली आणि तिथल्या एका केरळच्या मुलाशी लग्न ठरवून तिने बापाला फोन केला. इनायतभाई म्हणाले, "खलास," आणि फोन ठेवला. त्यांच्या मते त्यांनी होकार दिला. तिच्या मते बापाने नातं तोडलं. मग निकाहाचं बोलावणं आलं नाही, म्हणून हे रुसले.

"अहो, फोन करून नीट सांगा ना," मी म्हणायचो.

"मी हो म्हटलं, तिने नाही ऐकलं. आता परत मीच बोलू? ही कुठली पद्धत, सावंतसाहेब?"

पण हाच माणूस दोनदा गाडी घेऊन मस्कतला निघाला होता. दोन्ही वेळा हत्ताच्या ओमान सीमेवरून परत. एकदा म्हणे टायर तापले, एकदा ऊन फार.

यंदा ते निवृत्त झाले, व्हिसा संपत आला. कायमचं गावी जाण्याआधी शबनमला भेटायचंच, आणि या वेळी गाडी बोटीत घालून न्यायची, असं त्यांनी जाहीर केलं. मी हिशेबी माणूस. कागदावर मांडून दाखवलं: रस्त्याने पाच तास. बोटीने जायचं तर आधी उलट्या दिशेला, रस अल खैमाच्याही पलीकडे ओमानच्या खसब बंदरापर्यंत गाडी हाका, तिथे मुक्काम करा, मग मस्कतची बोट. दोन-तीन दिवस सहज. "आणि तुम्हाला तर खाडी ओलांडतानासुद्धा मळमळतं!"

"बोटच. खलास. तुम्ही येताय ना?"

"जा हो," माझी बायको म्हणाली. "एकटे गेले तर पुन्हा परत येतील."

खसबला वारा सुटला होता. बोट दुसऱ्या दिवशीवर गेली. आता 'चला घरी' म्हणतील, म्हणून मी वाट बघत होतो. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते गाडीसकट रांगेत पहिले.

बोटीच्या पोटात एक पठाण गाड्या लावून घेत होता. "यल्ला चाचा, सीधा, और आगे!" आमच्या पुढे पोलादी भिंत, मागे बकऱ्यांनी भरलेला पिकअप. आम्ही अंग चोरून कसेबसे बाहेर पडलो.

"ये गाडी अभी वापस निकलेगी?" इनायतभाईंनी विचारलं.

"अभी? मस्कत में निकलेगी, चाचा."

"पक्का?"

"बकरी को पूछ लो!"

इनायतभाईंचा चेहरा उजळला. "बघितलंत, सावंतसाहेब? रस्त्यावर दर दहा मिनिटांनी यू-टर्न असतो. इथे नाही."

माझ्या कागदावर हा मुद्दा आलाच नव्हता.

बोट सुटल्यावर त्यांनी मुलीला मेसेज केला: 'खसबच्या बोटीने गाडी घेऊन येतोय. तेव्हा मी हो म्हटलं होतं.' तो गेला आणि नेटवर्क गेलं. मग समुद्राने त्यांचा सूड घेतला. पिशवीत तोंड घालून ते ओकत होते, आणि मधल्या वेळात मान वर करून विचारत होते, "आलं काही उत्तर?"

मस्कतला नेटवर्क आलं, उत्तर नाही. मेसेज वाचल्याची खूण मात्र होती.

बंदराच्या फाटकाबाहेर एक मुलगी उन्हात उभी होती. इनायतभाईंनी ब्रेक मारला आणि दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून बसून राहिले. मी हळूच म्हटलं, "उतरा ना." हलले नाहीत. शेवटी तीच आली, मागचं दार उघडून बसली.

"अब्बा, केवढा गार केलाय एसी!"

त्यांनी तत्काळ बंद केला. बाहेर बेचाळीस अंश होते. माझी कॉलर भिजली, मग पाठ. काच खाली करा म्हणायचा मला धीर झाला नाही. इनायतभाई मागचा आरसा तिच्यावर जुळवून, अगदी सावकाश गाडी चालवत होते.