नईमभाई मशिनीचा जबाब घेतात

नवा कॉम्प्युटर समोर आला की नईमभाई आधी त्याच्यावरचं स्टिकर नखानं खरवडून काढत. मग खुर्ची पुढे ओढून, बाह्या सरकवून पडद्याला विचारत, "हां, बोल बेटा. तू कोन?"

चिखलीच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि नईमभाई कॉम्प्युटरची खोली सांभाळायचे. चाळिशीचे, एकटेच, भाड्याच्या खोलीत राहणारे. मराठीच्या मास्तराचं त्या खोलीत काही काम नव्हतं. पण शाळेतला बरा पंखा तेवढा तिथंच होता.

छापलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. बिस्किटाचा पुडा आणला, की आतली बिस्किटं वरच्या चित्रातल्यासारखीच आहेत का ते बघायचे आणि मगच खायचे. माझ्या पुतणीच्या लग्नपत्रिकेत नवरदेव 'उच्चशिक्षित' होता. नईमभाईंनी भर मांडवात त्याच्या बापाला विचारलं, "किती उच्च?" ते व्याही अजून माझ्याशी मोजून बोलतात.

"वरचं दुकानदार लिहिते, सर," नईमभाई म्हणायचे. "आतल्याले विचारा."

आतल्याला विचारण्यासाठी त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. नाव 'जबाब'. मला त्यांनी तो तीनदा समजावला. तिसऱ्यांदा मला खरंच कळलं का मी नुसतीच थकून मान डोलावली, ते आता सांगता येणार नाही. आमच्या मशिनींवर लिनक्स होतं, युनिक्सच्या घराण्यातलं. त्यात मशिनीच्या मेंदूची, म्हणजे प्रोसेसरची, सगळी माहिती 'सीपीयूइन्फो' नावाच्या फाइलीत मिळते. 'जबाब' ती फाइल उघडून ओळीनं वाचायचा आणि कामाचं तेवढं पडद्यावर ठेवायचा : प्रोसेसरचं नाव, वेग आणि संख्या.

"गंमत म्हंजे ही फाइल डिस्कवर नाहीच," ते सांगत. "आपन वाचाले गेलो, का मशीन तिथल्या तिथं लिहून देते."

त्या वर्षी शाळेनं दहा नवे कॉम्प्युटर मागवले. प्रत्येकावर चकचकीत स्टिकर : दोन प्रोसेसरांची ताकद, एका मशिनीत. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले, नारळ फुटला, हार झाले. अध्यक्ष खुशीत म्हणाले, "भाई, काहीतरी चालवून दाखवा."

नईमभाईंनी 'जबाब' चालवला आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, "प्रोसेसर, एक. तोही जुन्या पिढीचा."

पुरवठादार हसला. "तुमच्या प्रोग्रॅममध्ये चूक असेल."

"प्रोग्रॅम कायले चुकते? त्यानं पदरचं काईच नाही सांगतलं, फक्त वाचलं. बोलून राह्यली ते तुमची मशीन."

मग त्यांनी उरलेल्या नऊही मशिनींचे जबाब घेतले. अध्यक्षांच्या हातातला पेढा हातातच राहिला. हेडमास्तरांनी नईमभाईंना कोपऱ्यात घेतलं. "पोरांले शिकाले पुरते ना? काऊन ताणता? तुमचं कंत्राट याच महिन्यात संपते, ध्यानात ठेवा."

"स्टिकर काढून द्या, सर. एक प्रोसेसर म्हनून घ्या. पेढे मी वाटतो."

पुरवठादार ते कबूल करेना; शेवटी दहाही मशिनी परत टेम्पोत चढल्या. खोली रिकामी झाली. पोरं नईमभाईंवर नाराज, शिक्षक नाराज. आणि खोलीला कुलूप लागून पंखा गेल्यानं मीही थोडा नाराजच. 'हा माणूस हेकट आहे,' असं मी स्टाफरूममध्ये बोललोसुद्धा.

दीड महिन्यानं नवीन मशिनी आल्या. त्यांचा जबाब खरा निघाला आणि कंत्राटही कसंबसं वाढलं. त्याच आठवड्यात एक दाढीवाले वयस्क गृहस्थ शाळेत आले. साखरखेर्ड्याहून. नईमभाईंचे थोरले भाऊ, करीमभाई. मी त्यांना खोलीकडे घेऊन निघालो.

"त्यानं शायेतल्या मशिनी वापस पाठवल्या म्हंते. खरं हाय का?" त्यांनी विचारलं.

"हो. फार हट्टी आहेत."

"असा नवता तो, सर." करीमभाई व्हरांड्यातच थांबले. "दोन वर्स झाले. अळी न लागनारं म्हून बीटी कपाशीचं बियानं त्यानंच आनून देल्लं होतं, इथूनच. पाकिटावर हे एवढं बोंड. आतून साधीच सरकी निघाली. अळीनं समदं खाल्लं. आमी त्याले एका शब्दानं नाही बोललो. पन त्या दिवसापासून त्यानं घराचं तोंड नाही पाह्यलं. चार ईदी गेल्या."

मला स्टाफरूममधलं माझं वाक्य आठवलं.

भावाला दारात बघून नईमभाई उठले ते तसेच उभे राहिले. एरवी अध्यक्षांपुढे न डगमगणारा माणूस टेबलाची कड घट्ट धरून होता.

"घर कायकू नै आया रे?" करीमभाईंनी विचारलं.

"भाईजान, मैंने पाकिट देखके लाया था..."

"तो मैंने भी देखकेच बोया ना? दोनो गधे. अम्मी रोज पूछती. चल."

नईमभाई माझ्याकडे वळले. अगदी अदबीनं म्हणाले, "सर, हेडमास्तरांले सांगसान का? अर्धा दिवस सुट्टी पायजे."

"दोन दिवसांची सांगतो," मी म्हणालो.

दोघं फाटकाकडे निघाले. नईमभाईंच्या शर्टाची कॉलर मागून दुमडली होती. करीमभाईंनी चालता चालता त्यांना थांबवलं आणि ती नीट केली. चाळिशीचे नईमभाई मान खाली घालून, ती नीट होईपर्यंत गुपचूप उभे राहिले.