दुसरी रांग कोरी

सफरचंदाची बारा रोपं प्रयोगशाळेच्या खिडकीत दोन रांगांत उभी होती, आणि जिने मोकळा श्वास घ्यायचा, त्याच रांगेचा दम कोंडला होता.

संशोधक बाईंनी श्वास मोजायचं यंत्र पुसलं, दोनदा बंद करून चालू केलं. आकडा ढिम्म. जुन्या झाडाची मुळं मातीत रसायनं सोडतात, त्यांनी नव्या रोपाच्या मुळांचा श्वास कोंडतो, एवढं सिद्ध करण्याच्या खटपटीत त्यांची तीन वर्षं गेली होती. पहिल्या रांगेला जुन्या मुळांचा अर्क, दुसरीला तुलनेसाठी नुसतं पाणी. आणि गुदमरली होती दुसरीच. दुपारी विभागप्रमुख सर आकडे बघणार. मग प्रयोगाला मुदतवाढ तरी, नाहीतर गाशा गुंडाळणं तरी.

"मावशी, मी आठवडाभर बहिणीकडे गेले तेव्हा रोपांना पाणी तुम्हीच घातलंत ना?"

प्रयोगशाळेतली झाडलोट आणि चहा मावशींकडे असे. "पाणी कशाला? चिठ्ठीत होतं तेच घातलं."

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. अक्षर बाईंचंच. 'पहिली रांग अर्क. दुसरी रांग कोरी.'

"मग?"

"मग कोरा दिला. सरांना देते तोच. गार करून हं. आणि साखर नाही घातली, मुंग्या येतात."

बाई स्टुलावर टेकल्या. "मावशी, कोरी म्हणजे काही न मिसळलेली हो."

"मग मी दूध कुठे मिसळलं?"

दुपारी त्यांनी सरांना सगळं खरं सांगून टाकलं. सरांनी आकड्यांवरून बोट फिरवलं.

"तरीच त्या आठवड्यात माझा कप अर्धा यायचा," ते म्हणाले. मग चष्मा काढला. "पण चहा हीसुद्धा वनस्पतीच की. तुमच्या अर्कापेक्षा जोरदार निघाली. पुन्हा नीट करून बघा." आणि मुदतवाढीवर सही केली.

तीन वर्षांच्या अर्काला जे जमलं नाही, ते आठवडाभराच्या कोऱ्या चहाने केलं होतं. बाई नवी चिठ्ठी लिहायला बसल्या. पहिली रांग अर्क. दुसरी रांग चहा. तिसरीपुढे 'को' लिहून त्यांनी हात आवरला, खोडलं आणि ठळक लिहिलं, 'साधी'.

मावशींनी चिठ्ठी लांब धरून वाचली.

"साधा म्हणजे दूध-साखरेचा ना? देते. मुंग्यांचं मात्र तुम्ही बघा."