वाशीचा सूर्य, दिल्लीच्या भिंतीवर

द्वारकाबाईंचा नेम साधा होता. सकाळी आंघोळ करून सूर्याला तांब्याभर पाण्याचं अर्घ्य द्यायचं आणि मगच चहा. सूर्य दिसेपर्यंत चहा नाही, घास नाही. गावाकडं, वाशीत, हा नेम इतका सोपा होता, की त्याला नेम म्हणायचाही संकोच वाटावा. तिथं दार उघडलं की सूर्य उंबऱ्यावर येऊन बसलेलाच. पण धाकटा शंभू नोकरीसाठी दिल्लीला गेला, थोरल्या रणधीरनं आईला त्याच्याकडे राहायला म्हणून गाडीत बसवून दिलं आणि ऐन पौषात द्वारकाबाई नवव्या मजल्यावरच्या गॅलरीत तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. समोर नुसतं धुकं. शेजारची इमारत नाही, खालचा रस्ता नाही, आणि सूर्याचं तर नावच काढायला नको.

"आत्या, आत या. लई गार हाय," शंभूची बायको निकिता म्हणाली.

"येते की. त्यो आला की येते."

तो आला दुपार टळल्यावर, आजारी माणसासारखा, आणि घटकाभरात निघूनही गेला. दुसऱ्या दिवशी तर आलाच नाही. द्वारकाबाई लुगड्यावर स्वेटर, स्वेटरवर शंभूचं जाकीट घालून, उपाशीपोटी पूर्वेकडे बघत बसल्या.

संध्याकाळी शंभूनं हात जोडले. "आई, सूर्य आहेच की गं. धुक्याच्या मागं."

"हाय ते मला बी ठाव हाय. दिसाया पाहिजे. न्हाय दिसत तर मला वाशीला नेऊन घाल."

वडील गेल्यापासून आई पहिल्यांदाच त्याच्या घरी राहायला आली होती. ती सूर्यावर रुसून परत जाणं शंभूला परवडण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी त्यानं रणधीरला व्हिडिओ कॉल लावला. "दादा, गच्चीवर जा. आईला सूर्य दाखव."

रणधीरनं दात घासत घासत फोन पूर्वेकडे धरला. इकडे फोनभर लख्ख सूर्य! द्वारकाबाईंचे डोळे भरून आले. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी तांब्या उचलला आणि भक्तिभावानं धार धरली. फोनवर.

सूर्य मावळला. फोनही मावळला.

"आई, अगं काय केलंस!"

"मग? अर्घ्य नको व्हय द्याया?"

प्रश्न बिनतोड होता. निकिताच्या फोनवरून तो वाशीच्या देवळातल्या गौरीशंकर गुरुजींकडे गेला. गुरुजींनी डोळे मिटून विचार केला. "दर्शन चालतंय. सूर्य काय, दोन न्हाईत. पण पाणी तेवढं वाशीतच पडू द्या. रणधीरनं आईच्या नावानं अर्घ्य द्यावं. आणि बरं का, देणाऱ्यानं बी तोवर काही खायाचं न्हाय."

अंथरुणातच दोन कप चहा घेणारा रणधीर म्हणाला, "मी काय केलंय?"

पण आईपुढे कुणाचं चालतं? इकडे उरलेला फोन वाचवायला शंभूनं सूर्य थेट भिंतीवरच्या टीव्हीत आणला. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून पडदे ओढले, आई गारठू नये म्हणून टीव्हीखाली हीटर ठेवला. रोज सकाळी द्वारकाबाई हात जोडून टीव्हीसमोर बसायच्या आणि बसल्या जागी रणधीरला हलवायच्या.

"जरा डावीकडं सर. लिंबाजीच्या टाकीमागं गेलाय."

"आई, अजून सरलो तर मी लिंबाजीच्या अंगणात पडंन."

समोरच्या फ्लॅटमधल्या अरोराबाई एकदा विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "माताजी, ये धूप कहाँ की है?"

"वाशी की. लई चांगली हाय. बैठो."

त्या बसल्या. दुसऱ्या दिवशी विणकाम घेऊन आल्या. मग अरोरासाहेब आले आणि टीव्हीकडे पाठ करून पाठ शेकत बसले. मजल्यावरची आणखी दोन-तीन म्हातारी माणसं आली. त्यांनी कानटोप्या काढल्या. वाशीच्या उन्हानं गुडघे मोकळे झाले, असं सगळ्यांचं एकमत झालं. अरोराबाईंनी तर परातभर मेथी टीव्हीसमोर वाळत घातली. ती वाळलीसुद्धा. निकितानं हीटरकडे बोट दाखवून पाहिलं, पण सत्संगात असलं कोण ऐकतं!

मग एका सकाळी टीव्ही राखाडी झाला.

"रणधीर, नीट धर की."

"नीटच धरलाय आई. आभाळ आलंय. सूर्यच न्हाय."

नऊ वाजले, दहा वाजले. टीव्हीसमोर कानटोप्या परत चढल्या. हीटर चालूच होता, तरी अरोराबाईंना मेथी ओलीच लागली. अकराच्या सुमाराला द्वारकाबाई म्हणाल्या, "शंभू, माझं तिकीट बघ. तिथं जाऊन वाट बघते. तिथं उशिरा का हुईना, येतोय तरी."

शंभूनं रडवेल्या तोंडानं लॅपटॉपवर गाड्या शोधायला घेतल्या. एवढ्यात टीव्हीवर एक पांढरी तिरीप पडली आणि होतं ते चित्रही दिसेना.

"ह्ये काय चमकायलंय, रणधीर?"

"इथं काय बी चमकंना गेलंय, आई."

"निकिता, त्यो पडदा नीट ओढ गं. फटीतनं कायतरी यायलंय."

निकिता पडद्याजवळ गेली, फटीला डोळा लावला आणि पडदा झटक्यात उघडला. खोलीभर ऊन सांडलं. सगळे डोळे चोळू लागले.

"पर्दा बंद करो जी," अरोरासाहेब कुरकुरले, "टीवी नहीं दिख रहा."

पण द्वारकाबाई गॅलरीत पोचल्या होत्या. तुळशीच्या कुंडीत त्यांनी स्वतःच्या हातानं अर्घ्य सोडलं, मान वर करून डोळे भरून पाहिलं आणि आत येऊन चहाचा कप उचलला.

"आई!" टीव्हीतून हाक आली. "माझं काय? तुझी थोरली सून चहाच देईना. म्हणती, संकल्प केलाय तर सूर्य बघा आधी. तुझा दिसलाय न्हवं? मग दाखीव की तेवढा!"

निकितानं फोन गॅलरीत नेऊन आकाशाकडे धरला. वाशीच्या गच्चीवर, भरल्या आभाळाखाली, रणधीर हातातल्या फोनकडे डोळे बारीक करून बघत राहिला.

"ह्यो? असला पांढुरका? धुतल्यावाणी? ह्याच्यावर चहा चालंल का तरी?"

द्वारकाबाईंनी सावकाश एक घोट घेतला.

"नावं ठिवू नगंस," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं असाच असतो."