राज्य कोणावर?

‘मी करून देतो’ हे तीन शब्द छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही तोंडातून काढले नाहीत. म्हणून तर हेडक्लार्कच्या खुर्चीवरून सुखरूप निवृत्त झालो. निवृत्तीनंतर मात्र जिभेवरचा ताबा सुटला आणि एका संध्याकाळी, हातात चहाचा कप असताना, ते शब्द मी चक्क जावयांसमोर उच्चारले.

“बाबा, माझा गेम रिलीज होतोय,” जावई म्हणाले होते.

माझ्या माहितीत रिलीज होणाऱ्या गोष्टी दोनच. एक सिनेमा आणि दुसरी साहेबांच्या टेबलावर अडकलेली फाईल. पण आमच्या जावयांच्या जगात दर महिन्याला खेळ रिलीज होतात. टेबलावर पट मांडून, सोंगट्या आणि पत्ते घेऊन खेळायचे खेळ. (याला सापशिडी म्हटलेलं त्यांना चालत नाही. एकदा म्हटलं होतं, तर दोन दिवस ते माझ्याशी फार आदरानं बोलत होते.) पृथ्वीच्या पाठीवर कुठंही नवा खेळ निघाला की त्यांना त्याच दिवशी कळतं, मी तापानं फणफणलोय हे कळायला चार दिवस लागतात. त्यांच्या घरच्या कपाटात ब्याऐंशी खेळ आहेत आणि लेकीचे कपडे पलंगाखालच्या बॅगेत आहेत. एका खेळात मधमाश्या पाळायच्या, एकात दीपगृह बांधायचं, एकात टपाल वाटायचं. त्या टपालाच्या खेळाला मला एकदा बसवलं होतं. अडीच तास मी योग्य पत्र योग्य खणात टाकत होतो. आवक-जावक विभागात मी हेच करायचो. फक्त तिथं मधूनमधून चहा यायचा आणि कुणी ‘मजा आली ना?’ असं विचारत नसे.

आता तर जावयांनी स्वतःच खेळ रचला होता. दोन वर्षं ऑफिसचं काम सांभाळून, गणितं मांडून, पुठ्ठे कापून. पटाच्या मध्यभागी एक लाकडी सोनेरी मुकुट. तो ज्याच्या समोर, राज्य त्याचं. लढाई, तह, लग्न, कारस्थान अशी पानं टाकून दुसऱ्याचं राज्य हिसकावून घ्यायचं आणि दहा फेऱ्या झाल्यावर मुकुट ज्याच्यापुढे असेल तो जिंकला. एवढं साधं. मलासुद्धा कळलं. म्हणजे, तेव्हा कळलं होतं.

“नियम इंग्रजीत लिहिलेत,” जावई म्हणाले. “पण दुकानदार म्हणतो, मराठीतही हवेत. चार पानं आहेत. कोणाकडून तरी करून घ्यावी लागतील.”

“मी करून देतो,” मी म्हणालो.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात भांडी घासताना ही फक्त दोनदा थांबली आहे, आणि दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला.

“बाबा, दुकानदारानं काय सांगितलंय माहितीये ना? पुढच्या रविवारी दुकानात लोकांना खेळायला बसवणार. त्यांनी एक डाव पुरा करून आपणहून दुसरा मागितला, तरच तो गेम ठेवणार. नाहीतर नाही.”

“नाही तर नाही. तुझं कपाट रिकामं होईल.”

“तो म्हणतोय, हा चालला नाही तर पुन्हा खेळाच्या वाटेला जाणार नाही. कपाटाचं काही नाही हो बाबा. तो हसायचा बंद होईल. सोपं लिहा. प्लीज.”

“अगदी सोपं,” मी म्हणालो आणि पहिलं वाक्य लिहायला घेतलं. ते दुपारी जेवणाच्या वेळी संपलं.

आता माझी अडचण वाचकांनी समजून घ्यावी. ज्या माणसानं हयातभर परिपत्रकं लिहिली, त्याला नियम लिहायला देणं म्हणजे निवृत्त पैलवानाला पुन्हा आखाड्यात उतरवणं. इंग्रजीत नुसतं लिहिलं होतं, ‘फासा टाका.’ एवढं मोघम? मी लिहिलं: ‘क्रमप्राप्त खेळाडूने फासा टाकावा, परंतु असे की, फासा मेजाखाली गेल्यास तो सापडेपर्यंत खेळ तहकूब समजण्यात यावा.’

‘क्रमप्राप्त’ ही हिची कामगिरी. मी आधी ‘ज्याची पाळी असेल त्याने’ असं लिहिलं होतं. केर काढता काढता हिनं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

“हे दुकानात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणार आहेत ना?”

“हो. मग?”

“मग काही नाही,” ती म्हणाली आणि केर काढत राहिली. मी वाक्य पुन्हा वाचलं, कान गरम झाले आणि अकरा ठिकाणची पाळी चुकवली.

“मला सगळं वाचून दाखवा की एकदा,” जाता जाता ती म्हणाली. “मला कळलं तर कोणालाही कळेल.”

“मसुदा मंजुरीपूर्वी बाहेर दाखवत नसतात,” मी म्हणालो.

पुढच्या सात दिवसांत चार पानांची अकरा पानं झाली. अठ्ठावीस नियम, त्यांचे पोटनियम आणि एक परिशिष्ट. ‘दुसऱ्याकडून राज्य हिसकावून घ्या’ हे वाक्य मला फार रांगडं वाटलं. सभ्य माणसं हिसकावतात का? आमच्याकडे बदली झाली की कार्यभार हस्तांतरित होत असे. म्हणून लिहिलं: ‘सदर पान टाकून राज्याचे हस्तांतरण करावे.’ कोणाकडून कोणाकडे, हे लिहायचं राहिलं. पण ऑफिसात ते कधीच लिहीत नाहीत. तिथं प्रत्येकाला आपोआप माहीत असतं.

मग आला सगळ्यांत महत्त्वाचा नियम, जिंकायचा. नियम चारमध्ये मी लिहिलं: ‘दहाव्या फेरीअखेर ज्या खेळाडूवर राज्य येईल, त्याच्याबाबत नियम ९ (ब) प्रमाणे निर्णय घेण्यात यावा.’ आणि नियम ९ (ब) मध्ये लिहिलं: ‘याबाबतचा निर्णय नियम ४ प्रमाणे घेण्यात यावा.’ त्या वेळी मला ही रचना इतकी भक्कम वाटली, की मी उठून आळस दिला आणि गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या.

जावयांनी तपासायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. पण ते इंग्रजी शाळेत शिकलेले. मराठी पाटीसुद्धा ते गाडी थांबवून वाचतात. त्यांनी पहिलं पान पाहिलं, बाकीची दहा अंगठ्यानं फरफरवली आणि म्हणाले, “भारी आहे बाबा.” मला वाटलं, भाषेबद्दल बोलतायत. वजनाबद्दल बोलत होते. कागद छापायला गेले.

रविवारी सकाळी अकराला आम्ही चौघं त्या दुकानात पोचलो. दाताच्या दवाखान्यावरचा मजला, भिंतीला छतापर्यंत खोकी आणि मधे एक मोठं टेबल. खेळायला चार माणसं बसली होती: एक नवराबायको, एक निवृत्त मास्तर आणि मास्तरांची दहावीतली नात. दुकानदार घड्याळात बघत दाराशी उभा. जावयांनी नवा शर्ट घातला होता, त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. लेकीनं माझा दंड धरून ठेवला होता. प्रेमानं नाही, मी पुढं जाऊ नये म्हणून.

मास्तरांनी चष्मा लावून नियम मोठ्यानं वाचायला घेतले. दुसऱ्या पानावर नवऱ्यानं जांभई दिली. तिसऱ्या पानावर बायकोनं त्याला कोपर मारलं. मग नियम चार आला.

“‘ज्या खेळाडूवर राज्य येईल,’” मास्तर थांबले. “अच्छा! लपाछपीसारखं आहे तर.”

“मग जिंकतं कोण?” नातीनं विचारलं.

“नऊ ब बघ.”

“नऊ ब म्हणतो, चार बघा.”

“चार म्हणतो, नऊ ब.”

“हे कोणी लिहिलंय हो?” नवऱ्यानं विचारलं. माझ्या दंडावरची लेकीची बोटं आणखी रुतली.

“जाऊ द्या,” मास्तर म्हणाले, “यात वाचायचं काय आहे? आपल्यावर राज्य आलं की दुसऱ्यावर द्यायचं. लहानपणापासून तेच करत आलो. टाका फासा.”

आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या खेळाची दोन वर्षांची गणितं पालथी झाली. मुकुट पहिल्यांदा मास्तरांकडे आला, तसा त्यांनी विंचू आल्यासारखा हात मागं घेतला आणि तहाचं पान नवऱ्यापुढे टाकलं. “आपण तह करू. राज्य तुम्हाला, शांतता मला.”

“नको नको, वडीलधारे तुम्ही. तुम्हीच ठेवा.”

“अहो, घ्या हो. संकोच करू नका.”

जावई माझ्याकडे वळले. आवाज अगदी हलका. “बाबा, ते मुकुट परत का देतायत?”

काहीतरी करणं भाग होतं. मी दंड सोडवून घेतला आणि टेबलाशी गेलो. “मंडळी, जरा थांबा. मुकुट मिळवायचा आहे, टाळायचा नाही. थोडा गैरसमज…”

नातीनं मान वर न करता एका ओळीवर बोट ठेवलं. “आजोबा, नियम सतरा. ‘खेळात सहभागी नसलेल्या इसमाने मेजापासून दोन फूट अंतर राखावे व कोणत्याही स्वरूपाचा सल्ला देऊ नये.’ मागे सरका.”

मी मागे सरकलो. (दोन फूट. अंदाजे नाही.)

आता नवराबायकोत लढाईचं पान पडलं होतं.

“मी हरलो!” नवरा ओरडला. “तू जिंकलीस, राज्य तुझं!”

“वा रे वा! घरात एकदा तरी हरलायस का? लढ की नीट!”

“तलवार खाली ठेवली मी. शरण!”

“मी आधी शरण आले होते! मास्तर, तुम्ही सांगा, कोण आधी शरण आलं?”

मास्तर हसून हसून चष्मा पुसत होते. शेजारच्या टेबलावरचे दोघं आपला खेळ सोडून पाठीमागे येऊन उभे राहिले. दवाखान्यातून एक जण गालाला हात लावून वर आला. त्याला वाटलं, कोणाचा तरी दात उपटतायत. नातीनं कारस्थानाचं पान टाकून मुकुट थेट आपल्या आजोबांच्या मांडीवर ठेवला, आजोबांनी लग्नाचं पान टाकून तो बायकोकडे सरकवला, आणि बायकोनं शेवटच्या फेरीत, बोलता बोलता, नवऱ्यापुढे ठेवला.

फेऱ्या संपल्या. मुकुट नवऱ्यासमोर. बाकी तिघं टाळ्या पिटत ओरडत होते, “राज्य आलं! राज्य आलं!”

“हा डाव धरायचा नाही,” नवरा उठून उभा राहिला. “हिनं मला बोलण्यात गुंतवलं. पुन्हा मांडा. आत्ताच्या आत्ता मांडा!”

दुकानदारानं घड्याळातली नजर काढली आणि जावयांना म्हणाला, “ठेवतो मी.”

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. जावयांचा चेहरा मात्र ओळीनं चार-पाच प्रकारचा झाला. ते जिन्यात माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

“दोन वर्षं मी एक गोष्ट धरूनच चाललो होतो बाबा,” ते म्हणाले. “की राज्य सगळ्यांना हवं असतं.”

“तुमचं अजून प्रमोशन झालेलं नाही,” मी म्हणालो. “झालं की कळेल.”

यावर ते हसले. आधी जरासं, मग शर्टाची घडी मोडेपर्यंत. लेक आतून धावत आली, तिनं आपल्या नवऱ्याला हसताना पाहिलं आणि ती माझ्याकडे वळली.

“बाबा, तुम्ही हे मुद्दाम केलंत?”

आयुष्यात अशा वेळा फार येत नाहीत. मी जिन्याच्या कठड्याला टेकलो. “भाषांतर म्हणजे नुसते शब्द नव्हेत,” मी सावकाश म्हणालो. “मूळ खेळात जी गोष्ट दडलेली होती, ती मला दिसली. भाषांतरकाराला तेवढं स्वातंत्र्य घ्यावंच लागतं.”

जावयांनी मान हलवली. लेकीनं माझा हात हातात घेतला, या वेळी खरोखर प्रेमानं. ही मात्र शेजारी उभी राहून पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

आठवड्याभरात मी या यशाचा बऱ्यापैकी प्रचार केला. आमच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरना दोनदा सांगितलं, वाण्याला एकदा, आणि बँकेच्या रांगेत एका अनोळखी गृहस्थांना, ते रांग सोडून जाईपर्यंत. प्रत्येक वेळी त्यातलं स्वातंत्र्य थोडं थोडं वाढत गेलं. जावयांनी इंग्रजी नियम माझ्या मराठीवरून नव्यानं लिहून काढले, हे कळलं तेव्हा तर मी घरात चष्मा कपाळावर ठेवून हिंडायला लागलो.

काल जावई पुन्हा आले. हातात कागद.

“बाबा, पुढचा गेम. नियम तुम्हीच करायचेत.”

मी लगेच होकार दिला नाही. थोर माणसं देत नाहीत. कागद हातात घेतले, दोन ओळी वाचल्या, भिवया जवळ आणल्या. “हं. यात मला एक सांगा, जिंकतो कोण? आणि या पानाचा नेमका उपयोग काय?”

जावयांनी घाईघाईनं कागदांवर पंजा ठेवला. “नको, नको बाबा, तेवढं विचारू नका! मी काहीच सांगणार नाही. तुम्ही गेल्या वेळसारखंच लिहा. फक्त एक कृपा करा, नीट समजून घेऊ नका.”

मी काही बोलणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

“त्याची काळजी तुम्ही करू नका, जावईबापू. तिथं त्यांना वेगळे कष्ट पडत नाहीत.”