चढावर समाधानकारक

एका जंगलात सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, गिधाडघाटाच्या तिसऱ्या वळणावर एक पांढरी मोटार थांबली. तिचं तोंड वर डोंगराकडे होतं आणि ती हळूहळू मागे दरीकडे चालली होती.

घाबरू नका, बाळांनो. ती दरीत पडली नाही. कुणीतरी मागच्या चाकाला धोंडा लावला. त्या जंगलात रस्ते धड नसले तरी धोंडे मुबलक आहेत.

मोटारीत दोघं होते. चालवत होता रंगोबा साळिंदर, शेजारी त्याची म्हातारी आई भागाबाई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. घाटमाथ्यावर डॉक्टर घार यांचा दवाखाना होता आणि तिथे बाराच्या ठोक्याला तिचं ऑपरेशन होतं. ही तारीख मिळायला सात महिने लागले होते. दवाखान्याच्या दारावर पाटी होती : 'तारीख चुकल्यास पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावे.'

म्हणून तर रंगोबानं आठ दिवसांपूर्वी कंदांचं अख्खं कोठार देऊन ही जुनी मोटार घेतली होती.

रंगोबा ॲक्सिलरेटर दाबत होता. इंजिन वाघासारखं गुरगुरत होतं. चाकं मात्र जागची हलत नव्हती.

"आई, कसला तरी वास येतोय गं."

"मला आठ दिवसांपासून येतोय," भागाबाई म्हणाली.

आता हा वास कुठून आला ते ऐका.

मोटार विकली दामूशेठ कोल्ह्यानं. त्याचा जुन्या मोटारींचा अड्डा टेकडीच्या माथ्यावर. त्या जंगलात एक रीत आहे. पूजा होईपर्यंत नव्या मालकानं स्टिअरिंगला हात लावायचा नाही. अशुभ असतं म्हणे. कुणासाठी अशुभ, ते रीत सांगत नाही.

तेव्हा ट्रायल दामूशेठनंच दिली. टेकडीवरून थेट नदीपर्यंत.

"बघा रंगोबा, कशी पळते! हरिणीला मागे टाकेल."

"उताराला धोंडाही पळतो," मागच्या सीटवरून भागाबाई म्हणाली.

"मातोश्री विनोदी आहेत," दामूशेठ म्हणाला.

पूजेच्या दिवशी मोटार रंगोबाच्या दारात आणून दिली तीही दामूशेठनंच. रंगोबाच्या घरासमोर छोटासा चढ आहे. चढाच्या पायथ्याशी दामूशेठ थांबला. त्यानं उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला, वर धूप टाकला आणि मग मोटार वर घेतली. धुराच्या लोटातून मोटार अशी प्रकटली की शेजारच्या घोरपडीणबाईंनी हातच जोडले.

"या उदबत्तीखाली दुसरंच काहीतरी जळतंय," भागाबाई म्हणाली.

"अस्सल चंदन आहे, मातोश्री."

"चंदन मी जन्मभर उगाळलंय. हा चंदनाचा वास नाही. विस्तवावर चप्पल पडल्यासारखा वास आहे हा."

रंगोबा ओशाळला. "शेठ, मनावर घेऊ नका. तिला दिसत नाही."

"चालायचंच. वय झालं," दामूशेठ उदार मनानं म्हणाला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं.

पुढचे आठ दिवस रंगोबानं मोटार फक्त नदीकाठच्या सपाट रस्त्यावर फिरवली. लिंबाचा गुण आला असं त्याला वाटलं.

आता परत घाटात चला. कठड्यावर सात वानरं बसली होती. सातांपैकी एकाकडेही मोटार नव्हती, सल्ला प्रत्येकाकडे होता.

"काका, गिअर टाका!"

"टाकलाय रे!"

"मग काढा!"

शेवटी खालून गेनू अस्वल आला. तो मिस्त्री होता. मोटारीखाली शिरला आणि पुसायचं फडकं नाकाला लावूनच बाहेर आला.

"क्लचप्लेट जळाली. सपाटीवर कशीबशी ओढते, चढ आला की इंजिनचा जोर चाकांपर्यंत पोचतच नाही."

"आत्ता?"

"आत्ता नाही, काका. कधीचीच. तुमच्याकडे फक्त शेवटचे श्वास घ्यायला आली."

"बाराच्या आत होईल?"

"अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. उद्या संध्याकाळी या."

रंगोबानं आईला पाठीवर घ्यायचं ठरवलं. पण साळिंदराच्या पाठीवर कुणी बसत नाही, सख्खी आईसुद्धा नाही. दोघं चालत निघाले. भागाबाईनं त्याचा हात धरला होता. दर वळणावर ती विचारायची, "किती वाजले रे?" आणि रंगोबा दर वळणावर खोटं सांगायचा.

दोघं अडीच वाजता पोचले. कंपाउंडरनं पाटीकडे बोट दाखवलं. भागाबाईला ती दिसली नाही, म्हणून त्यानं वाचूनही दाखवली.

नवी तारीख मिळाली आणखी सात महिन्यांनंतरची.

रंगोबा तडक दामूशेठकडे गेला आणि त्याला घाटात मोटारीपाशी घेऊन आला. भीतीनं आणि संतापानं त्याचे काटे घाटातच उभे राहिले होते.

"मोटार परत घ्या."

दामूशेठनं दार उघडून आत पाहिलं. "सीटला एकशेचाळीस भोकं आहेत, रंगोबा. अशी वस्तू मी परत कशी घेऊ?"

मग रंगोबा सिंहमहाराजांच्या दरबारात गेला. सोबत भागाबाईही गेली. महाराजांची जेवणाची वेळ होत आली होती.

"महाराज, यांना हाफ क्लचवर चालवायची सवय आहे," दामूशेठ म्हणाला. "पेडलवर पाय ठेवूनच बसतात. आठ दिवसांत प्लेट जाळली."

"मी सपाटीवरच चालवली!" रंगोबा ओरडला.

"दरबारात काटे खाली," प्रधान म्हणाला.

दामूशेठनं एक कागद पुढे केला. सरकारी वाहन तपासणी केंद्राचा दाखला. खाली तपासनीस बगळेसाहेबांची सही आणि गोल शिक्का. बगळेसाहेब स्वतःही दरबारात हजर होते. प्रधानानं मोठ्यानं वाचलं : "'ही मोटार गिधाडघाटात माथ्यापर्यंत चढवून पाहिली. क्लच चढावर समाधानकारक.'"

"झालं तर मग," महाराज म्हणाले. "तक्रार फेटाळली. साळिंदरानं मोटार शिकावी."

"थांबा," भागाबाई म्हणाली. "कागदावर तारीख काय आहे?"

"आषाढ वद्य नवमी," प्रधान म्हणाला.

भागाबाईनं कनवटीला हात घातला आणि दवाखान्याची जुनी चिठ्ठी काढली.

"माझं ऑपरेशन आधी, सात महिन्यांपूर्वी, त्याच नवमीला होतं. आदल्या दिवशी दवाखान्याचा हा निरोप आला. वाचा. मला दिसत नाही."

प्रधानानं चिठ्ठी हातात घेतली. मनातल्या मनात वाचली.

"मोठ्यानं," भागाबाई म्हणाली.

"'दरड कोसळल्याने गिधाडघाट नवमीसह पाच दिवस पूर्ण बंद. रुग्णांनी येऊ नये.'"

बगळेसाहेब एका पायावर उभे होते, ते दुसऱ्या पायावर उभे राहिले. दामूशेठ शिक्क्याचा गोल किती सुबक आहे ते पाहू लागला. महाराजांनी आयाळ सारखी केली आणि दरबार जेवणासाठी उठला.

तात्पर्य : बाळांनो, जुनी मोटार घ्यायला जाताना न दिसणाऱ्या म्हातारीला कधीही सोबत नेऊ नका. तिला वास येतो, तारखा आठवतात आणि त्यामुळे डोळसांच्या राज्यकारभारात विनाकारण खोळंबा होतो. दरबार तेव्हा उठला तो पुन्हा भरलेला नाही. दरडीखाली बंद असलेल्या घाटात ती मोटार कुणी चढवली, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.